घोट्याखालचे बूट

दिवाळी अंकात टीकालेख यायचा तो कादंबरीवर, काव्यसंग्रहावर, फार तर एखाद्या नव्या नाटकावर, अशी आपल्याकडे रीत आहे. ज्या वस्तू आपण वर्षातले तीनशे दिवस वापरतो त्यांच्यावर आपण टीका करतो ती दुकानदारासमोर, आणि तीही भाव उतरवण्यापुरती. मला हे बरोबर वाटत नाही. कोणी तरी विचारपूर्वक घडवलेली, लाखो लोकांनी आपलीशी केलेली आणि पन्नाससाठ वर्षे फारशी न बदलता टिकलेली वस्तू ही एक कृतीच असते. आणि कृती म्हटली की तिचे गुणदोष पाहणे आलेच. म्हणून यंदा मी पुस्तकाऐवजी बुटाचे परीक्षण करायला बसले आहे. दिवाळीच्या खरेदीत पुष्कळ घरांत ज्याची एखादी जोडी येते तोच हा बूट: घोट्याच्या खाली संपणारा, सपाट रबरी तळाचा, नाड्यांचा आणि बहुधा पांढरा. दुकानात त्याला ‘स्नीकर्स’ म्हणतात. आमच्या शाळेत जुने लोक त्याला अजून ‘पीटीचे बूट’ म्हणतात. इंग्रजी नावाचा उगम गमतीचा आहे. रबरी तळामुळे पाऊल वाजत नाही, चोरपावलांनी चालता येते, म्हणून हे नाव. गेल्या काही वर्षांत मात्र या चोरपावली बुटाने बराच गाजावाजा केला आहे.

त्याची कुळकथा थोडक्यात सांगते, कारण तिच्यातच त्याच्या गुणांचे मूळ आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. चार्ल्स गुडइयर नावाच्या एका अमेरिकन खटपट्या माणसाला १८३९ साली गंधक मिसळून रबर तापवण्याची युक्ती साधली. १८४४ साली त्याने तिचे पेटंट घेतले. तेव्हापासून रबर भरवशाचे झाले. पुढे इंग्लंडात समुद्रकाठी फिरायला जाणाऱ्यांसाठी कापडी अंगाचे आणि रबरी तळाचे बूट निघाले. कापड आणि तळ यांचा सांधा झाकणारी रबराची पट्टी जहाजाच्या पोटावरच्या प्लिम्सॉल रेषेसारखी दिसे, म्हणून त्यांना ‘प्लिम्सॉल’ हे नाव पडले असे सांगतात. अमेरिकेत कॉन्व्हर्स कंपनीने १९१७ साली बास्केटबॉलसाठी ‘ऑल स्टार’ काढला. तो घोटा झाकणारा होता. चक टेलर नावाचा खेळाडू गावोगाव फिरून खेळ शिकवी आणि बूट विकी. १९३० नंतरच्या दशकात त्याचे नाव घोट्यावरच्या गोल बिल्ल्यात गेले. १९५७ साली त्याच बुटाची घोट्याखाली कापलेली आवृत्ती आली. आपल्याकडे १९३४ साली कलकत्त्याजवळ बाटानगरचा पाया घातला गेला, आणि १९३६ साली बाटाने भारतातल्या शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी पांढरा कापडी ‘टेनिस’ बूट बाजारात आणला. शुक्रवारी रात्री ओला खडू फासून आईबापांनी खिडकीत वाळत ठेवलेले बूट ज्यांना आठवतात, त्यांना या बुटाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हे बूट शोभेसाठी जन्मले नाहीत. प्रत्येकाला काही काम होते, आणि त्या कामाने त्याला आकार दिला. त्यांची परीक्षा करायला मला आपल्याच शास्त्रातला एक जुना मापदंड उपयोगी वाटतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. काव्याचा प्राण औचित्यात आहे, असे त्याचे म्हणणे; आणि ते पटवायला त्याने उदाहरण दिले तेही अंगावर घालायच्या वस्तूंचे. कमरेचा दागिना गळ्यात आणि हातातला पायात घातला तर माणसाचे हसे होते, मग दागिना कितीही मोलाचा असो. बुटाच्या बाबतीत हा मापदंड मी एका प्रश्नात मांडते: याच्या अंगावर जे जे आहे, त्याला तेथे असण्याचे काही कारण आहे का?

‘ऑल स्टार’ची बुटकी आवृत्ती या परीक्षेला चांगली उतरते. चवड्यावर रबराची टोपी आहे, ती बोटांना ठेच लागू नये म्हणून. आतल्या बाजूला धातूच्या कडीची दोन भोके आहेत, ती हवा खेळावी म्हणून. घोटा कापला तेव्हा त्यावरचा गोल बिल्लाही गेला. नाव उरले ते जिभेवर आणि टाचेवर. एखाद्या कथेतला सुरुवातीचा परिच्छेद संपादकाने गाळावा आणि कथा सुधारावी, तसे हे झाले आहे. उंच बूट आपली जाहिरात करतो, बुटका बूट करत नाही. दोषही सांगितले पाहिजेत. तो चवड्यापाशी अरुंद आहे. त्याचा तळ इतका सपाट आहे की दिवसभर उभे राहणाऱ्याच्या टाचा संध्याकाळी बोलू लागतात. आणि पाऊल जेथे वाकते तेथे, करंगळीजवळ, कापड आणि रबर यांच्या सांध्यावर तो आधी फाटतो.

दुसरी अभिजात कृती म्हणजे अदिदास कंपनीचा ‘स्टॅन स्मिथ’. १९६०च्या दशकात तो रॉबेर हाइए या फ्रेंच टेनिसपटूच्या नावाने निघाला. पुढे १९७२ सालच्या विम्बल्डन विजेत्या स्टॅन स्मिथचे नाव त्याला जोडले गेले आणि १९७८ पासून तेच एकटे राहिले. कंपनीची खूण म्हणजे तीन पट्टे. या बुटावर ते शिवलेले नाहीत. त्यांच्या जागी भोकांच्या तीन रांगा आहेत. खूणही झाली आणि पायाला वाराही लागला. एका योजनेत दोन अर्थ बसवणे यालाच आपण कवितेत श्लेष म्हणतो. पण येथेही एक खंत आहे. २०२१ साली कंपनीने हा बूट कातड्यावरून पुनर्वापर केलेल्या कृत्रिम द्रव्याकडे वळवला. त्यामागे पर्यावरणाचा विचार होता, तो मी कमी लेखत नाही. परंतु कातडे पायाच्या आकाराप्रमाणे सैलावते आणि सुरकुत्यांतून आपले वय दाखवते. कृत्रिम द्रव्य वय लपवते, आणि एक दिवस एकदम सोलून निघते. मुखपृष्ठ जुनेच आणि आतला कागद बदललेला, अशी ही नवी आवृत्ती आहे.

औचित्य एकट्या बुटाचे पाहून भागत नाही, ते प्रसंगाचेही असते. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक एका मुलाखतीत करविषयक धोरण समजावून सांगायला बसले तेव्हा त्यांच्या पायात अदिदासचे ‘सांबा’ होते. हा बूट मूळचा फुटबॉलपटूंचा, थंडीने गोठलेल्या मैदानांसाठी केलेला. त्या सुमारास तो तरुणांत फार बोकाळला होता. सुनक यांची एवढी थट्टा झाली की त्यांनी रेडिओवर ‘सांबा’च्या चाहत्यांची हसत हसत माफी मागितली. आपण हे बूट वर्षानुवर्षे घालत आलो आहोत, असेही ते म्हणाले, आणि ते खरे असेल. लोक हसले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीला. सत्ताधारी माणसाने तारुण्याचा एक शब्द उसना घेऊन आपल्या वाक्यात बसवला आहे, असे त्यांना वाटले. आमच्या कादंबरीकारांतही कॉलेजच्या मुलांची बोली अशीच उसनी आणणारे आहेत.

दुसरे टोक याहून सूक्ष्म आहे. २००४ साली ‘कॉमन प्रोजेक्ट्स’ या नावाने एक पांढरा बुटका बूट निघाला. त्यावर पट्टा नाही, तारा नाही, चित्र नाही. टाचेशी सोनेरी अंकांची एक लहानशी ओळ, एवढेच. त्याची किंमत चारशे डॉलरच्या वर आहे. बूट सुरेख आहे, कातडे उत्तम आहे, हे निर्विवाद. पण ती सोनेरी ओळ मला खटकते. ज्याला कळते त्याला कळावे, आणि ज्याला कळत नाही त्याने कळत नाही म्हणून बाजूला राहावे, असा तिचा हेतू दिसतो. साधेपणाचे हे प्रदर्शन भडक बुटापेक्षा अधिक अहंकारी आहे. पांढऱ्याशुभ्र खादीतही असा अहंकार मिरवता येतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

यावरून निवडीची माझी पहिली कसोटी ठरते. दहा पावलांवरून बुटाची किंमत कळता कामा नये. कळली, मग ती जास्त असो वा कमी, तर तो बूट रोजच्या वापराला नालायक समजावा.

दुसरी कसोटी पायाची. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय पाश्चात्त्य मापाच्या मानाने रुंद असतो, असे त्यातून दिसले, आणि आपल्यासाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धती सुचवली गेली. आपण इतकी वर्षे काय करत आलो? बूट चवड्याला आवळला की एक नंबर मोठा घेतो. मग रुंदी जमते, पण लांबी वाढून टाच आत सरकत राहते. तेव्हा लांबीच्या आकड्यावर विसंबू नये. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जावे, रोजचे मोजे बरोबर न्यावेत, दोन्ही पायांत बूट घालून दुकानभर चालावे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी, आणि करंगळीवर दाब येऊ नये. त्याच पाहणीत असेही दिसले की मुलीच्या पायाची वाढ साधारण अकराव्या वर्षापर्यंत आणि मुलाच्या पायाची पंधरासोळा वर्षांपर्यंत चालते. चौथीतल्या मुलाला महागडा बूट घेणाऱ्या बापाने हे लक्षात ठेवावे. तो बूट झिजायच्या आधी लहान होणार आहे.

तिसरी कसोटी बांधणीची. कापडी बूट बहुधा साच्यावर ताणून, भोवती रबराची पट्टी गुंडाळून, सगळा एकत्र भट्टीत तापवलेला असतो. तो हलका आणि लवचीक असतो. कातडी बुटाचा तळ पुष्कळदा वाटीसारखा ओतलेला असतो, वरचा भाग त्यात बसवून चिकटवतात आणि कडेने शिवतात. तो जड असतो, पण अधिक टिकतो. तळाच्या कडेला शिवण दिसली तर तिच्यावर नख फिरवून पाहावे. स्वस्तातल्या पुष्कळ बुटांवर ही शिवण दोऱ्याची नसते, साच्यातच कोरलेली असते. शिवण नसणे हा दोष नव्हे. नसलेली शिवण दाखवणे हा दोष आहे.

आता बूट कशावर घालावा. हा घोट्याखाली संपणारा बूट असल्यामुळे त्याचे सारे सौंदर्य काठाशी आहे: विजार कोठे संपते आणि बूट कोठे सुरू होतो, त्या दोन बोटांत. विजारीच्या घड्या बुटावर ढीग होऊन पडल्या की माणूस बुटका दिसतो आणि बूट गायब होतो. विजार बुटाच्या काठाला जेमतेम टेकावी, किंवा किंचित वरच थांबावी. शिंप्याकडे दुमडून घ्यायला फार पैसे लागत नाहीत; नव्या बुटापेक्षा खासच कमी. काठाखाली लपणारे आखूड मोजे मिळतात ते घालावेत. मोजे न घालण्याची फॅशन आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी नाकाला कळते. झब्बा-पायजम्यावर हा बूट अनेकांना चालतो. मला तो सुती, साध्या झब्ब्यावर पटतो. जरीकाठी झब्ब्यावर तो घाईत चुकून घातल्यासारखा दिसतो. लक्ष्मीपूजनाला कोल्हापुरीच बरी.

साडीबद्दल मी अधिकाराने बोलू शकते, कारण शाळेत मी साडीवर पांढरे बूटच घालते. सात तास फळ्यासमोर उभे राहणाऱ्या बाईला उंच टाचांचा उपदेश कोणी करू नये. युक्ती एवढीच की बूट आधी घालावेत आणि साडी मग नेसावी. परकराची उंची बुटाच्या तळावरून ठरली की निऱ्या जमिनीवर लोळत नाहीत आणि पाय अडकत नाही. सुती किंवा इरकली साडीवर हा बूट शोभतो, कारण दोघांचा धर्म एकच: काम. मुंबईच्या लोकलमध्ये पंजाबी ड्रेसवर असे बूट घालून फलाट गाठणाऱ्या बायका मी पाहते तेव्हा मला क्षेमेंद्राची आठवण होते. औचित्याचे इतके सहज उदाहरण पुस्तकात सापडणे कठीण.

परंतु या बुटाचा आपल्या घराशी एक मूलभूत तंटा आहे. आपली संस्कृती उंबरठ्याची आहे. घरी, देवळात, शेजाऱ्याकडे, दवाखान्यातसुद्धा आपण पादत्राण बाहेर काढतो. दिवसातून आठदहा वेळा नाड्या सोडायच्या आणि बांधायच्या कोणी? म्हणून आपल्या लोकांनी तोड काढली ती टाच चेंगरण्याची. नवाकोरा बूट आणला की आठ दिवसांत त्याची मागची भिंत आडवी होते आणि बुटाची सपाता होते. हा आळस आहे खरा, पण त्यात एक टीकाही दडलेली आहे: ही वस्तू आमच्या दारासाठी केलेली नाही. ज्यांना सारखे आतबाहेर करावे लागते त्यांनी बिननाडीचा, बाजूला लवचीक पट्टी असलेला बूट घ्यावा, किंवा साध्या नाड्यांच्या जागी इलॅस्टिकच्या नाड्या ओवाव्यात. टाच चेंगरण्यापेक्षा हा तह सन्मानाचा आहे.

दुसरा तंटा पावसाळ्याशी. जून ते सप्टेंबर कापडी बुटाने कपाटात विश्रांती घ्यावी. भिजलाच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ओले झाले की बदलावेत, आणि बूट सावलीत वाळवावा. पांढरा कापडी बूट धुतल्यावर त्यावर पातळ पांढरा टिश्यू कागद गुंडाळून वाळवला तर पिवळे डाग कागदावर उतरतात. एकच जोडी रोज घालण्यापेक्षा दोन साध्या जोड्या आलटून पालटून घातल्या तर दोन्ही अधिक टिकतात, कारण घाम सुकायला एक दिवस मिळतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येते. पांढरा कापडी बूट शाळेत आला तेव्हा तो गणवेशाचा भाग होता. त्याचे काम भेद झाकण्याचे होते. डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा कवायतीच्या रांगेत उभे राहिले की वरून खाली सारखेच दिसत. आज गणवेश तोच आहे. भेद खाली पायात उतरला आहे. नवीन वर्ग घेतला की पहिल्याच दिवशी मला कळते, कोणाचे पाय बाकाबाहेर पसरलेले आहेत आणि कोणाचे बाकाखाली दुमडलेले. पसरलेल्या पायांत मोठ्या नावाचे बूट असतात. दुमडलेल्या पायांत पुष्कळदा त्याच नावाची नक्कल असते, जिला बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ असे गोंडस नाव आहे. मुले इतकी चतुर असतात की नकलेची शिवण त्यांना माझ्याआधी ओळखता येते, आणि मग मधल्या सुट्टीत जे बोलले जाते ते बूट झिजल्यावरही राहते. २०२३ साली राज्य शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे देण्याचे ठरवले. दर ठरला विद्यार्थ्यामागे १७० रुपये. या रकमेत काय प्रतीचा बूट येतो हे मी सांगायला नको. तरीही त्या निर्णयामागची मूळ कल्पना मला मान्य आहे: बूट ही शाळेतल्या मुलाची गरज आहे, ती चैन नव्हे. प्रश्न उरतो तो त्या गरजेला प्रतिष्ठेचे ओझे कोणी लादले हा. ते मुलांनी लादलेले नाही. आपण मोठ्यांनी वाढदिवसाला खोके उघडताना आधी नाव वाचायला शिकवले.

या बुटाची थोरवी मी येथेच मानते. उंच टाच, जाड फुगीर तळ, चार रंगांचे पट्टे या सगळ्यांना पैसा दाखवता येतो. साधा, पांढरा, घोट्याखालचा बूट हाच असा आकार आहे की जो पाचसहाशे रुपयांतही प्रामाणिक असू शकतो आणि पाच हजारांतही, आणि दहा पावलांवरून दोघांत फरक कळत नाही. म्हणून खिशाला झेपेल त्या दरातला, कोणाचेच नाव न चोरलेला बूट घ्यावा. कमी किमतीचा बिननावाचा बूट खरा असतो. नकली नावाचा बूट त्याहून महाग घेतला तरी खोटाच. मुलांना हे पटवायचे तर आधी आपल्या पायाकडे पाहावे लागेल, कारण मुले उपदेश ऐकत नाहीत, ती दारातल्या चपला-बुटांची रांग पाहतात.

तेव्हा परीक्षणाचा निकाल असा. कृती अभिजात आहे. दोष आहेत: सपाट तळ, पावसाचे वावडे, उंबरठ्याशी भांडण. ते सांभाळून घेण्याजोगे आहेत. गुण एकच मोठा आहे, तो म्हणजे माणसाला माणसाशेजारी निमूट उभे राहू देणे. यंदाच्या खरेदीत घरात अशी जोडी येणार असेल तर खोक्यावरचे नाव घटकाभर झाकून ठेवावे, बूट मुलाच्या पायात घालावा, त्याला अंगणात एक फेरी मारायला सांगावे, आणि बोटांना जागा आहे का एवढेच विचारावे.